वार्सेनिकच्या काचेवरचा डाग

तांजाब्लूर या आर्मेनियन गावात दोन गोष्टींना कुणी विनाकारण हात लावत नसे. एक, झावेनच्या मधमाश्यांच्या पेट्या. दुसरी, झावेनची बायको. पेट्यांना निदान धूर दाखवून गप्प करता येत होतं.

या गोष्टीच्या वेळी वार्सेनिक बावन्न वर्षांची होती. उंचीला बेताची, दंडाला भक्कम, आणि भुवया अशा की एक वर गेली तरी समोरच्याने दोन पावलं मागे सरकावं. आरागात्स डोंगराच्या उतारावर, गावाच्या अगदी डोक्यावर, वेधशाळेचे पांढरे घुमट उभे राहिले तेव्हा गावातल्या बायका तिथे कामाला लागल्या. कुणी स्वयंपाकाला, कुणी झाडलोटीला. वार्सेनिकही फरशा पुसायलाच गेली होती. पण तिथल्या अंधाऱ्या खोलीत काचा धुणारा जो म्हातारा होता, त्याला कोन्याक ब्रँडी फार प्रिय आणि कोन्याकला त्याचे हात फार प्रिय. हात थरथरायला लागले तशी तो वार्सेनिकला हाक मारायचा, “पोरी, एवढी काच धर गं.” सहा महिन्यांनी म्हातारा घरी बसला आणि खोलीची किल्ली वार्सेनिकच्या कमरेला आली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती.

आकाशाचे फोटो त्या काळी काचेवर घेत. ताटाएवढी पातळ काच, तिच्या एका बाजूला लेप. तांबडा उजेड टिपणारा लेप असला की खोलीत दिवा म्हणून लावायचा नाही, काजवासुद्धा चालायचा नाही. मग मिट्ट अंधारात लेपाची बाजू कुठली आणि कोरी कुठली, हे कळायचं कसं? तर काचेचा कोपरा ओठाला टेकवायचा. लेप असला की ओठ हलकासा चिकटतो. म्हणून वार्सेनिकने आयुष्यात ओठाला रंग लावला नाही, आणि कामाच्या दिवशी ती लोण्याला शिवत नसे. गावातले रिकामटेकडे झावेनला विचारत, “काय रे, तुझ्या वाट्याला जास्त मुके की काचांच्या?” झावेन शांतपणे सांगे, “काचांच्या. त्यांना मिशा नाहीत.”

एकोणीस वर्षांत तिच्या हातून चार काचा वाया गेल्या होत्या. लोक मेलेल्यांच्या तिथ्या लक्षात ठेवतात तशा तिला त्या चारही लक्षात होत्या. एक धरणीकंपाच्या दिवशी. दुसरी, आई गेली त्या आठवड्यात. तिसरीला मांजर जबाबदार. चौथीबद्दल ती अवाक्षर काढत नसे, आणि खानावळीच्या नुनुफारनेही काढू नये म्हणून दर वर्षी नुनुफारकडे मधाची एक बरणी जात असे.

एकाहत्तर सालच्या शरद ऋतूत, अक्रोड झोडपायच्या दिवसांत, उत्तरेकडून ताऱ्यांचा अभ्यास करणारा एक पाहुणा आला. रोदियोन पेत्रोविच ल्यापिन. वय चौतीस, मान बगळ्यासारखी, कॉलरला कडक इस्त्री. चहाचा पेला आणि साखरेचे खडे घरून आणलेले. जेवणाबरोबर कोथिंबीर-पुदिन्याची जुडी ठेवली की तो ती बाजूला सरकवी आणि लवाशची पातळ पोळी न खाता जाड पाव मागे. पहिल्याच दिवशी नुनुफारने त्याच्यावर फुली मारली. “लवाश नको म्हणणाऱ्या माणसाचं काही खरं नसतं.”

पण बोलायला माणूस गोड. एका दुपारी खानावळीत त्याने टेबलावरच मीठ पसरून आपलं काम समजावलं. दोन मोठे तारे जोडीने एकमेकांभोवती फिरत असतात. त्यातला एक फुटतो. फुटतो म्हणजे असा की त्याच्या धक्क्याची लाट हजारो वर्षं अवकाशात पसरत राहते, वाटेतला विरळ वायू केरासारखा लोटत. आणि जोडीदार गेल्यावर उरलेला तारा गोफणीतून सुटलेल्या दगडासारखा भलतीकडेच भिरकावला जातो.

“म्हणजे बायको फुटली की नवरा पळत सुटतो,” नुनुफार म्हणाली.

“आपल्याकडे पळत नाहीत,” दुर्बीण चालवणारा म्हेर म्हणाला. “बाकावर जाऊन फासे टाकत नर्दी खेळत बसतात.”

ल्यापिन हसला. “आणि हा पळणारा तारा गप्प पळत नाही बरं का. त्याच्या अंगातून सतत वारा सुटत असतो, जबरदस्त वेगाचा. तो वारा पुढच्या वायूवर आदळतो. वायूला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. मग ताऱ्याच्या पुढे त्याचा ढीग होतो, एक वाकडी लाट उठते. सेवान तळ्यात होडी जोरात गेली की नाळेपुढे, म्हणजे तिच्या पुढच्या टोकापाशी, पाणी कसं कमानीसारखं उचललं जातं, अगदी तसं. मला तीच लाट पकडायची आहे.”

वार्सेनिक हातात वाडगा घेऊन जात होती, ती थांबली. होडीची गोष्ट तिला पटली. त्या आठवड्यात ल्यापिनच्या ताऱ्याची काच म्हेरने दुर्बिणीतून काढून तिच्याकडे दिली, तेव्हा तिने काच धुवायचं रसायन, नवा डेव्हलपर, कालवला, ताट चारही दिशांनी सारखं हलवलं, आणि काच धुऊन निघाल्यावर उजेडात धरली. काचेवर तारे काळे उमटतात. मधोमध ल्यापिनचा तारा, मुगाएवढा. आणि त्याच्या शेजारी, कापलेल्या नखासारखी, एक फिकट कोर. न्याहारीला ती झावेनला म्हणाली, “आज काहीतरी आलंय.” झावेनला कळलं की मामला मोठा आहे, वार्सेनिक न्याहारीला सहसा फक्त शेजाऱ्यांबद्दल बोलत असे.

दोन दिवसांनी काच परत आली. पाकिटावर तांबड्या शाईने लिहिलेलं होतं: “धुण्यातला दोष. बाद.”

वार्सेनिकने ते तीनदा वाचलं. मग पाकीट छातीशी धरून ती थेट ल्यापिनच्या खोलीत गेली.

“रोदियोन पेत्रोविच, हे काय लिहिलंत?”

“बसा ना, वार्सेनिक ह्मायाकोव्ना.”

“मी बसायला आले नाही.”

“हे बघा, मनाला लावून घेऊ नका. माझ्या यादीप्रमाणे हा तारा पूर्वेकडे धावतोय. आणि ही कोर आहे पश्चिमेला. त्याच्या पाठीमागे. होडीच्या मागे कधी नाळेची लाट उठते का? नाही. म्हणजे ही लाट नाही. डाग आहे. ताट नीट हललं नसेल, डेव्हलपर एका ठिकाणी साचला असेल. होतं असं.”

“माझ्याकडे होत नाही.”

“सगळ्यांकडे होतं.”

“डाग असता तर त्याच्याखालचे बारके तारे बिघडले असते. बघा भिंगातून. एकेक कसा खसखशीच्या दाण्यासारखा गोल आहे! मी धुतलंय ते, मला कळत नाही?”

ल्यापिनने इतक्या समजूतदारपणे मान हलवली की त्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं. म्हणाला, “तुम्हाला धुण्यातलं कळतं. ताऱ्यांचं जरा माझ्यावर सोडा.”

ती काही न बोलता बाहेर पडली. तिच्या न बोलण्याला गावात जास्त भीत.

गोष्ट इथेच थांबली असती. पण वेधशाळेचे उपसंचालक पार्गेव यांना ती वाढवायची होती. पार्गेव म्हणजे टक्कल झाकायला डाव्या कानावरून केस ओढणारा गृहस्थ. वारा सुटला की त्याचा एक हात कायम डोक्यावर. बाद झालेल्या काचा खरवडून साफ करायच्या आणि त्या “अन्य उपयोगाला” द्यायच्या, असा नियम होता, आणि तो अन्य उपयोग म्हणजे पार्गेवच्या परसातलं टोमॅटोचं काचघर. वार्सेनिकच्या राज्यात काचा बाद होत नसल्यामुळे काचघराचं छप्पर चार वर्षं अर्धंच होतं. शिवाय त्याच्या मेहुणीच्या मुलीला नोकरी हवी होती, अंधाऱ्या खोलीत बसायची, उन्हात काळवंडायला नको अशी. हे सगळं गावाला माहीत होतं. पार्गेवला वाटे, कुणालाच माहीत नाही.

सोमवारी खानावळीच्या भिंतीवर नवं भित्तिपत्रक लागलं. महिन्याला एकदा लागे ते. वरती कामगिरीचे आकडे, मधे कुणाचा तरी वाढदिवस, आणि खाली उजव्या कोपऱ्यात कामचुकारांची टिंगल. चित्रं काढायचा ग्रंथपाल खोरेन. दारू पिऊन आलेला वॉचमन, उशिरा येणारा बसवाला असे त्या कोपऱ्यात येऊन गेले होते. या वेळी तिथे वार्सेनिक होती. बाह्या वर सारलेली, पिठाने माखलेली, तोनिरच्या भट्टीत वाकून काचा लवाशासारख्या थापणारी. एका काचेला कणकेची कोर चिकटलेली. आणि खाली चार ओळी:

वार्सेनिकबाईंची धुलाई निराळी,
तोनिरात भाजती आकाशाची पोळी;
अमावास्येलाही उगवली कोर,
आधी हात धुवा, मग दाखवा जोर!

वार्सेनिक आत आली तेव्हा हसणं असं बंद झालं, जसं कुणी झाकण ठेवावं. ती भिंतीपाशी गेली. चित्र पाहिलं. ओळी वाचल्या, ओठ हलवत, एकेक शब्द. तळपायापासून जे पेटलं ते मस्तकापर्यंत गेलं, पण तिने ते तोंडावाटे बाहेर पडू दिलं नाही. वाडगाभर गरम स्पास घेतलं, बसली, आणि दह्याचं ते सूप शेवटच्या गव्हापर्यंत खाल्लं. चमचा वाडग्यावर आपटत होता तेवढाच आवाज.

नुनुफार जवळ आली. “वार्सेनिक जान, मी त्या खोरेनला आज रस्सा वाढलाच नाही.”

“पुरुषांनी केलं ते कळलं. तू हसत होतीस का?”

“मी? देवाशपथ...”

“नुनुफार.”

“ते ‘आकाशाची पोळी’ला थोडंसं...”

“मध बंद,” वार्सेनिक म्हणाली आणि उठली.

खोरेनला तिने दारात गाठलं. तो पुस्तकाआड तोंड लपवायला बघत होता.

“मला पोळी लाटणारी काढलीस, ठीक आहे. मी लाटते. तुझ्या लग्नात दोनशे लवाश मीच भाजले होते. पण अंधाऱ्या खोलीत माझ्या हाताला पीठ? लेपाला धुळीचा कण लागला तर मी रात्रभर झोपत नाही, आणि पीठ?”

“पार्गेवने सांगितलं तसं काढलं, क्वीर वार्सेनिक, ताई. मी काय, हुकुमाचा...”

“हुकुमाचा काय? बोल ना. गाढव?”

त्याच दुपारी पार्गेवने तिला बोलावून सांगितलं की शुक्रवारच्या सभेत “काचांची गुणवत्ता” हा विषय आहे, आणि तोवर विचार करून ठेवा, कारण बाग आणि काचघर सांभाळायलाही एक जबाबदार बाई लागणार आहे. किल्ली सभेत द्यावी लागेल कदाचित. सगळं अगदी हळुवार. एक हात डोक्यावर.

घरी आली तेव्हा झावेन मधाच्या चौकटी पुसत होता. तिने दार असं लावलं की माश्यांनी पेटीतून चौकशी केली.

“जाऊ दे ना,” तो म्हणाला. “बागेत तरी ऊन मिळेल. एकोणीस वर्षं अंधारात...”

“झावेन, तुझ्या मधात साखरेचं पाणी आहे असं उद्या भिंतीवर लिहिलं तर?”

झावेनच्या हातातली चौकट थांबली. “कोण लिहील?”

“समजा.”

“पेट्या त्याच्या अंगणात नेऊन उघडीन.”

“मग मला जाऊ दे म्हणू नकोस.”

मंगळवारी ती म्हेरला भेटली. त्याच ताऱ्याची आणखी एक काच घे, म्हणाली. म्हेर का-कू करायला लागला, ल्यापिनचा दुर्बिणीवरचा वेळ, परवानगी, वगैरे. “तुझ्या आईला गेल्या हिवाळ्यात मी...” एवढंच वार्सेनिकने म्हटलं, पुढचं ऐकायला म्हेर थांबला नाही. बुधवारी पहाटे नवी काच तिच्या हातात होती. तिने रसायनाचं पाकीट नवं फोडलं, डेव्हलपर नवा कालवला, ताटसुद्धा दुसरं घेतलं आणि ते मुद्दाम उलट्या क्रमाने हलवलं. काच धुऊन निघाली. कोर तिथेच. नखभर इकडे नाही, नखभर तिकडे नाही.

तिने दोन्ही काचा ल्यापिनकडे नेल्या. या वेळी पार्गेवही तिथे होता. ल्यापिनने दोन्ही पाहिल्या, आणि त्याच्या कपाळाला पहिल्यांदा आठी पडली.

“चमत्कारिक आहे. एकाच जागी दोनदा... मग हा धुण्यातला डाग नसावा.”

“नसावा?” वार्सेनिक म्हणाली. “नाहीच.”

“मग दुर्बिणीतला असेल. एवढ्या प्रखर ताऱ्याचा उजेड आत कुठेतरी परावर्तित होऊन त्याची कोर पडत असेल. आरसा पुसलेला नसेल, उजेड गाळायची रंगीत काच नीट बसली नसेल.”

“म्हणजे म्हेर,” पार्गेव खुशीत म्हणाला. “म्हणजे दोघंही!”

बाहेर म्हेरला हे कळलं तेव्हा तो वार्सेनिकवरच उखडला. “वा, क्वीर! तुझं ओझं उतरवायला गेलीस आणि माझ्या पाठीवर ठेवलंस! पुढच्या महिन्यात भिंतीवर मी, आरशावर थुंकून पुसताना!”

वार्सेनिकचा राग आता अशा ठिकाणी पोचला होता जिथे माणूस ओरडत नाही, हिशेबाने वागतो. गुरुवारी भर दुपारी ती पुन्हा ल्यापिनच्या खोलीत गेली. तो उजेडाच्या टेबलावर वाकला होता. खाली दिवा, वर दुधी काच, त्यावर तिची काच, डोळ्याला भिंग.

“मला दाखवा,” ती म्हणाली. “तुम्ही बघता तसं मला बघू द्या.”

“वार्सेनिक ह्मायाकोव्ना, मला खरंच वेळ...”

ती टेबलापाशी पोचली होती. तिने भिंगाकडे पाहिलंच नाही. तिने काचेकडे पाहिलं. नुसती काच, उजेडात, चकचकीत. तिच्या दोन्ही भुवया एकदम वर गेल्या.

“वर कुठली बाजू ठेवली आहेस?”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते तिलाही कळलं नाही.

“नेहमीची. कोरी बाजू वर, लेप खाली.”

“नेहमीची म्हणजे?”

“आमच्याकडे तीस वर्षं सगळे असंच ठेवतात.”

“तुमच्याकडे भिंगाची दुर्बीण आहे!” वार्सेनिक कडाडली. शेजारच्या खोलीतला टंकलेखनाचा आवाज थांबला. “भिंगाची! तिथे मागून बघितलं की सरळ दिसतं. इथे आरसा आहे, आरसा! आरशात तुझा डावा कान कुठे जातो रे? आरशाची काच लेप वर ठेवून बघायची असते, हे इथे लादी पुसणारी पोरगीसुद्धा जाणते! कुणी तुला सांगितलं नाही, कारण चमचा कुठल्या टोकाला धरायचा हे आम्ही पाहुण्याला सांगत नाही!”

आता कुणी म्हणेल, एवढ्या शिकलेल्या माणसाला शेजारचे तारे उलटे दिसले नाहीत? दिसले असते, नकाशा समोर असता तर. पण तो आकड्यांच्या यादीवरून काम करत होता, आणि त्याचा तारा म्हणजे मधला सगळ्यांत जाडा ठिपका. शेजाऱ्यांकडे बघायची त्याला गरजच पडली नव्हती.

वार्सेनिकने काच कडांनी उचलली आणि उलटवली.

ल्यापिनने भिंग डोळ्याला लावलं. यादी पाहिली. पुन्हा भिंग. त्याचा कान हळूहळू लाल झाला, मग मान, मग पांढरं झालं सगळं. डावीकडची कोर उजवीकडे गेली नव्हती नुसती. पाठीमागची पुढे आली होती. तारा पूर्वेला धावत होता आणि त्याच्या पूर्वेला, नाळेपुढे पाणी उठावं तशी, ती कमान.

“पुढे आहे,” तो पुटपुटला. “पुढे आहे... अगदी बरोबर पुढे आहे!”

आणि तो नाचायला लागला. खरोखर नाचायला लागला. दार उघडून म्हेरला हाका मारल्या, म्हेरच्या गळ्यात पडला, यादीचे कागद उडवले. “लाट आहे, वार्सेनिक ह्मायाकोव्ना! कळतंय का तुम्हाला? आपल्या सूर्यमालेसारख्या शेकडो माला या एवढ्याशा कोरीत मावतील! हजारो वर्षांपूर्वी एक तारा फुटला, त्याने याला भिरकावलं, आणि हा अजून वारा सोडत, समोरचं सगळं ढकलत... मला राजधानीला फोन करायला हवा! आत्ता!”

“आणि भिंतीवरची बाई?” वार्सेनिकने विचारलं. “ती कुठल्या दिशेला धावतेय?”

“कोण बाई?”

तिला वाटलं, हातातली काच याच्या डोक्यात घालावी. पण काच चांगली होती. तिने ती पाकिटात घातली आणि पाकीट टेबलावर तांबडी शाई वर येईल असं ठेवलं.

“अहो, ते चित्र म्हणजे विनोद होता,” ल्यापिन म्हणाला. “तुम्ही आनंद माना ना!”

“तू मान. तुझी लाट सापडली. माझं नाव अजून पिठात आहे.”

शुक्रवारच्या सभेला चाळीसेक माणसं होती. विषय एक, हिवाळ्यासाठी लाकडं. विषय दोन, बटाटे काढायला कोण जाणार. त्यावर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पाठी दुखायला लागल्या. मग पार्गेव कागद उलटवत म्हणाला, “विषय तीन मागे घेतलेला आहे. काचांबाबत थोडा गैरसमज होता, तो आपसांत दूर झाला. आदरणीय पाहुण्यांनी एक महत्त्वाचा शोध लावला आहे, त्यांचं अभिनंदन. किल्ली वार्सेनिक जानकडेच राहील. टाळ्या...”

“थांबा,” वार्सेनिक उभी राहिली.

“वार्सेनिक जान, मिटलंय ना सगळं.”

“आपसांत मिटलं? भिंतीवर लागलं होतं तेव्हा आपसांत होतं का? बसवाल्याने वाचलं, खालच्या गावाहून दूध घालायला येते तिने वाचलं. माझी भाची येरेवानला असते, तिथे पोचलंय ते. जिथे लावलंत तिथेच उतरवा.”

“पुढचं पत्रक नोव्हेंबरच्या सणाचं आहे. त्यात जागा नाही. भाषणं आहेत.”

“जागा करा.”

“आणि पाहुण्याचा मान? माणूस उत्तरेतून आलाय, उद्या तिथे जाऊन काय सांगेल?”

“खरं सांगेल. सवय नसेल, पण जमेल.”

मागून कुणीतरी खुसखुसलं. पार्गेवचा हात डोक्यावर गेला, खिडकी बंद असूनही. “हे बघा, एका डागासाठी एवढं...”

“डाग!” तिचा आवाज असा फुटला की पहिल्या रांगेने अंग चोरलं. “अजून डागच म्हणता? एकोणीस वर्षांत या हाताने हजारो काचा धुतल्या. तुमच्यातल्या निम्म्यांना पदव्या त्यावर मिळाल्यात. कुणी कधी येऊन विचारलं नाही, वार्सेनिक, डोळे कसे आहेत, पाठ कशी आहे. नका विचारू. पण चुकली म्हणायला सगळे धावले, ते कसं? एकाला वाटलं नाही की आधी तिला विचारावं? एकाला?”

खोरेन बुटाच्या नाडीत काहीतरी शोधत होता.

तिने कमरेची किल्ली काढली आणि पार्गेवच्या कागदांवर ठेवली. “भिंतीवर लागेल तेव्हा मला बोलवा. तोवर तुम्हीच बुडवा काचा.”

तेवढ्यात ल्यापिन उठला. कॉलर सैल करत म्हणाला, “दिशेच्या संदर्भात माझ्याकडून काहीशी पद्धतीविषयक...”

“साध्या शब्दांत!” ती दारातून म्हणाली.

ल्यापिनने चाळीस तोंडांकडे पाहिलं. “मी काच उलटी ठेवली,” तो म्हणाला. “त्यांची चूक नव्हती. माझी होती.”

सभागृह खदखदून हसलं. वार्सेनिक हसली नाही. “हेच,” ती म्हणाली, “भिंतीवर,” आणि निघून गेली.

पुढचे तीन दिवस आकाश असं निरभ्र होतं की म्हेरला रडू यावं. दुर्बीण तयार, तारे तयार, काचा धुवायला माणूस नाही. पार्गेवने मेहुणीच्या मुलीला आणलं. तिने घाईत दोन द्रावणांचा क्रम उलटा केला. पहिली काच बाहेर आली ती खिडकीच्या तावदानासारखी लख्ख, एकही तारा नसलेली. काचघराला मात्र अगदी योग्य. दुसरीने तिचं बोट कापलं. तिसरीपर्यंत ती थांबलीच नाही. ल्यापिनला त्याच्या लाटेच्या आणखी काचा हव्या होत्या; तो दिवसातून दोनदा पार्गेवच्या दारात उभा राही, आणि आता तोही गोड बोलत नव्हता.

रविवारी पार्गेव स्वतः झावेनच्या अंगणात आला, किल्ली हातात धरून. वार्सेनिक शेजारणींबरोबर तोनिरपाशी बसली होती. तिने मान वर केली नाही. लवाश भट्टीच्या भिंतीवर थापत म्हणाली, “लागलं का?”

“वार्सेनिक जान, एक तडजोड...”

“लागलं का?”

शेजारणींपैकी एक म्हणाली, “उपसंचालक साहेब, ठिणगी उडेल. केस सांभाळा.”

सोमवारी पत्रक लागलं. एकच पान, सणाची वाट न बघता. खोरेनने जीव ओतून काढलं होतं: ल्यापिन दुर्बिणीत उलट्या टोकाने डोळा घालून बसलाय आणि पाठीमागून एक तारा वाकून त्याच्या खांद्यावर टकटक करतोय. कविता नव्हती. खाली आर्मेनियन अक्षरांत, शाळेतल्या पहिलीच्या पोरासारख्या वळणात, ल्यापिनने स्वतः लिहिलं होतं: “काच बरोबर होती. बघणारा चुकला.” दोन अक्षरं राहिली होती. शेजारी टाचणीने ते पाकीट लावलं होतं. तांबड्या शाईवर काट मारलेली आणि काटेखाली त्याची सही.

खानावळीत सगळे जमले होते. वार्सेनिकने वाचलं. ओठ हलवत, एकेक शब्द. मग पाकीट टाचणीवरून काढलं, आतली काच शाबूत आहे ना ते पाहिलं, आणि पार्गेवपुढे हात पसरला. त्याने किल्ली ठेवली. नुनुफार स्पासचा वाडगा घेऊन पुढे झाली तर “नंतर” एवढंच म्हणून ती निघाली.

ल्यापिन जिन्यापर्यंत तिच्या मागे गेला. “वार्सेनिक ह्मायाकोव्ना, आता तरी राग गेला ना?”

“नाही,” ती म्हणाली. “राग माझा आहे, मी ठरवीन. तुझा तारा आज कितीला उगवतो?”

“साडेनऊला.”

“काच वेळेवर पाठव.”

दार लागलं. मग अंधाऱ्या खोलीतून जो आवाज आला तो खाली खानावळीत, वर घुमटात आणि म्हणे पार्गेवच्या काचघरापर्यंत ऐकू गेला: “डेव्हलपरच्या बाटलीचं बूच कुणी उघडं टाकलं? चहा झालाय त्याचा, चहा! कुठे आहे ती पोरगी? आणि माझ्या ताटात हे काय, टोमॅटोचं बी?”